सहा पडला तर

अंबरनाथला धर्मेशच्या गच्चीवर आपापला सुपरहिरो बनून खेळायचा फाशांचा खेळ रंगला होता. खेळ चालवणारा आणि त्यातला व्हिलनही झालेला देवदत्त म्हणजे नियमांचा किडा. धर्मेशच्या हिरोने रिक्षावाल्याला मीटर टाकायला लावलं, तेसुद्धा त्याने खपवून घेतलं. पण त्याचीच होणारी बायको सई म्हणाली, "माझ्या हिरॉइनसमोर कुणालाच खोटं बोलता येत नाही," तसा तो भडकला.

"अशाने गेमची वाट लागेल! समोरच्याला फासा टाकायचा चान्स पाहिजे. सहा पडला तर तो सुटला."

"चालेल. मग सांग, आपला साखरपुडा झाल्यावरही त्या राजसीला भेटतोस ना?"

"हे व्हिलनला विचारतेस की मला?"

"तुला."



देवदत्तने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि फासा टाकला.