तळ्याकाठी अंथरलेले जाकीट

कोट रिकामाच होता. काल सायंकाळी ऑर्विलने तळ्याकाठच्या सेजच्या झुडपापाशी जसा अंथरला होता, तसाच तो पडून होता. केवळ रात्रीच्या दहिवराने पांढरा झाला होता. शेजारच्या भांड्यातील पाण्याचा दगड झाला होता. काळ्या कड्याखालील तिन्ही तळी बर्फाखाली निश्चल होती.

कुत्रे हरवले, की ते जिथे शेवटचे दिसले तिथे अंगातला कोट ठेवून निघून जावे, ही या वाळवंटातील शिकाऱ्यांची रीत. वासाच्या मागावर कुत्रे परतते आणि कोटावर बसून वाट पाहते. काल कायोटी या रानकोल्ह्यांच्या ओरडण्याने बिथरून पळालेली कुत्री टॅन्सी मात्र परतली नव्हती.

"तुझा कोट कशाला हुंगेल ती?" बदकांच्या शिकारीला आलेला शेजारी वेंडेल म्हणाला. "कुत्री कुणाची होती, म्हाताऱ्या?"

"आयरीनची."

"मग? आणखी एक रात्र कायोटी तिला जिवंत ठेवतील असं वाटतं होय तुला?"

ऑर्विलच्या पाठीवरील पिशवीत आयरीनचे जाकीट होते. शरद ऋतूत पत्नीला मूठमाती दिल्यापासून ते त्याने प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवले होते. रविवारी तो गाठ सोडी, एक श्वास घेई, आणि वास सरू नये म्हणून तत्काळ पुन्हा आवळी. आज ते त्याने बरोबर घेतले होते खरे. परंतु बाहेर काढण्याची वेळ येऊ नये, अशी प्रार्थना करीतच त्याने सारी वाट तुडवली होती.

"उघड्यावर ठेवलं, तर तिचा वास राहायचा नाही, वेंडेल."

वेंडेलने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"नाही राहायचा," तो म्हणाला, आणि आपल्या वाटेने चालता झाला.

ऑर्विलने गाठ सोडली. या खेपेस त्याने श्वास घेतला नाही. कोट उचलून त्याने त्या जागी जाकीट अंथरले, बाह्या पसरल्या, आणि आपला थोराड कुत्रा बस्टर याला घेऊन तो कड्याच्या आडोशाला बसला. रीतीप्रमाणे निघून जावयास हवे होते. तेवढे मात्र त्याच्याने झाले नाही. झुडपांचा कडवट गंध घेऊन वारा दिवसभर जाकिटावरून वाहत राहिला. बस्टर कण्हला.

"गप रे. वास उडून चाललाय, कळतंय मला."

सूर्य कड्याआड गेला, तेव्हा गोठलेल्या तळ्यावरून एक लंगडी आकृती येताना दिसली. टॅन्सीने प्रथम कॉलर हुंगली, मग बगल. स्वतःभोवती गिरकी घेऊन ती जाकिटावर अंग मुडपून निजली.

ऑर्विल जवळ गेला, तशी ती गुरगुरली. घरी सोफ्यावर, आयरीनच्या शेजारी तो बसू पाही, तेव्हाही ती अशीच गुरगुरत असे.

"सरक की गं, बये," तो म्हणाला. "जरा मलाही जागा दे."

तो गोठलेल्या मातीवर बसला. टॅन्सी सरकली नाही. त्याच्या वाट्याला एक बाही आली.