टाकी हवेत असताना

टाकी ट्रकवरून सुटली, बोटभर वर आली, मग वीतभर, मग चांगली कमरेएवढी, आणि तरी जराही कलंडली नाही, तेव्हा चवळीला इतका आनंद झाला, इतका, की तिने दोन्ही हात वर फेकले.

आणि क्रेन जागच्या जागी थांबली.

थांबणारच ना! दोन्ही हात वर म्हणजे धोका, आहे तिथे थांब. क्रेनला सिग्नल देणाऱ्याने हे विसरून कसं चालेल? दोन टनांची पोलादी टाकी झुलायला लागली, खाली दोर धरलेले दोघं मागे सरकले, ट्रकवाल्याने तर दार उघडून उडीच मारली. आणि चौथ्या मजल्याच्या गच्चीच्या कडेला चवळी उभी, हात अजून वरच, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक.

शेंगेसारखी बारीक म्हणून सगळी साइट तिला चवळी म्हणायची. आज टाकी गच्चीवरच्या चार बोल्टांवर नीट बसली की सिग्नलचं हिरवं जॅकेट तिचं. नाही बसली तर उद्या सकाळी परत स्टोअरमध्ये, हातमोजे वाटायला.

"चवळे," वॉकीटॉकी खरखरला. "काय झालं गं? काही दिसलं का?"

हा आवाज वरच्या बाईंचा. वरच्या बाई म्हणजे क्रेन चालवणाऱ्या बाई. सकाळी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये जायच्या त्या जेवायलाच खाली यायच्या. आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धी पोळी तोंडात, अशा अवस्थेत सहा महिने त्यांनी चवळीला वाळूच्या ढिगावर उभं करून हात शिकवले होते. बोट वर करून गोल गोल म्हणजे उचल, खाली करून गोल गोल म्हणजे सोड. "कोपर कुठे चाललंय तुझं? वरून तू मला मुंगीएवढी दिसतेस. मुंगीने नीट खणखणीत बोलायला नको का!"

चवळीच्या डोक्यात भराभरा काय काय आलं. वारा आला म्हणू? दोर अडकला म्हणू? कोणाला कळणारे? वॉकीटॉकी सगळ्यांकडे होता, सगळी साइट कान देऊन होती, आणि शेजारी इंजिनीअर साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते.

तिने एक हात खाली घेऊन बटण दाबलं. "काही नाही बाई. मला आनंद झाला."

 केबिनमधून असं हसू फुटलं की खालचे दोरवालेही हसायला लागले.

साहेब काही हसले नाहीत. "अहो बाई, उचला ती टाकी!" त्यांनी स्वतःच हात वर करून गरागरा फिरवला. क्रेन ढिम्म. त्यांनी दुसराही हात फिरवला.

"साहेब, नाचताय छान," वरून आवाज आला. "पण माझं लक्ष चवळीकडे आहे."

"तिला बाजूला करा आधी! मी दुसऱ्याला बोलावतो."

"माल हवेत असताना सिग्नलवाला बदलत नाहीत. तुमच्याच सहीचा कागद आहे तो, माझ्या केबिनमध्ये लावलाय. वाचून दाखवू?"

साहेबांनी हात परत कमरेवर ठेवले.

"चवळे, ऐक," बाईंचा आवाज एकदम हळू झाला. "लिफ्टच्या खोलीमागचे बोल्ट मला इथून दिसत नाहीत. मला फक्त तू दिसतेस. आता सांग, काय करू?"

चवळीने दुसराही हात खाली घेतला.  तिने तळवे पँटला पुसले, टाकी झुलायची थांबेपर्यंत वाट बघितली, अगदी पूर्ण थांबेपर्यंत, साहेब घड्याळ बघत होते तरी. मग कोपर अंगाशी घेतलं, एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं.

दोन टन निघाले वर.

पहिला मजला, दुसरा, तिसरा. टाकी कठड्यावरून आत आली, लिफ्टच्या खोलीला वळसा घालून चौथऱ्यावर आली. चवळीने बोट खाली केलं. हळू. अजून हळू. आणि मग अचानक हात आडवा. थांब! टाकीचा एक पाय बोल्टपासून दोन बोटं बाजूला होता.

"बसेल ती, सोडा सोडा," साहेब म्हणाले.

"नाही बसणार साहेब," चवळी म्हणाली. "बोल्ट वाकेल." आणि गच्चीवरच्या दोरवाल्यांकडे वळून, "दादा, तुमच्याकडे ओढा. थोडं. अजून जरासं. बस्स!"

बोट परत गोल फिरलं. चारही पाय चार बोल्टांवर उतरले, टक् असा एवढासा आवाज आला, जसं काही कोणी डब्याला झाकण लावलं.

कोणीतरी शिट्टी मारली. वॉकीटॉकीत बाई काहीतरी ओरडत होत्या, पण खालच्या टाळ्यांत ऐकू कुठे येतंय! चवळीने टाकीला लावलेले आकडे सोडवून घेतले आणि हुक वर पाठवला. मनातून नुसती उड्या मारत होती, पण मान वर, डोळे हुकावर.

साहेब नट बघायला पुढे निघाले.

चवळीने त्यांच्याकडे न बघताच डावा हात आडवा धरला. रिकामा हुक अजून त्यांच्या डोक्यावर होता.

साहेब थांबले. एक पाय उचललेला, तसाच.