शेऱ्याचा रकाना

सव्वासहा झाले तसं मुद्रितशोधकाने पेन्सिलीला टोक केलं. वापरात नसलेल्या रेल्वे बोगद्याच्या तोंडाशी डाव्या अंगाला त्याची घडीची खुर्ची होती. उजव्या अंगाला, वीस पावलांवर, बाईंची. संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि तासभर एकमेकांशी अक्षर बोलायचं नाही, असा वन्यजीव केंद्राचा नियम होता. तो नियम खरोखर पाळणारी ही दोनच माणसं असावीत.

जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या छापील चुका काढल्या. छापखाना सुटला तशा चुकाही संपल्या आणि दिवस संपता संपेनात. बाई गणिताच्या शिक्षिका, त्याही आता निवृत्त. दोघांची गाठ महिन्यातून एकदा, इथेच. चार वर्षांत त्याने त्यांचा फोन नंबरसुद्धा विचारला नव्हता. तारीख केंद्र कळवायचं, मग नंबर मागणार तरी कशासाठी?

पहिल्या वर्षी हजारावर वटवाघळं निघायची. प्रत्येकामागे मुठीतल्या काउंटरचं बटण दाबायचं. बाईंच्या बाजूची टिकटिक त्याच्या कानात घरापर्यंत सोबत यायची. मग समोरच्या रस्त्यावर उंच, पांढराफेक दिवा लागला. त्याचा झोत थेट बोगद्याच्या तोंडात. त्याने नगरपालिकेला तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं की दिवा नागरिकांच्या सोयीसाठी आहे. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. वटवाघळं हजाराची तीनशे झाली, तीनशेची बारा. गेले दोन महिने शून्य.

आज तिसरं शून्य आलं की हे ठिकाण मोजणीच्या यादीतून वगळणार होते. म्हणजे आजची संध्याकाळ शेवटची. हा विचार त्याने दुपारपासून दहादा खोडला होता.

अंधार पडायला लागला आणि दिवा लागला. बोगद्यातून गार हवेशिवाय काही बाहेर आलं नाही. त्याची नजर तोंडावर होती, कान मात्र पलीकडे. टिक झाली नाही. तासाभरात एकदाही नाही.

वेळ संपल्यावर बाई खुर्ची घेऊन त्याच्याजवळ आल्या. थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला आणि आपला कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. एकूण संख्येच्या रकान्यात ठसठशीत एक लिहिलेला होता.

"एक?"

"हो. एक."

"कधी निघालं?"

"तुम्ही घड्याळात बघत होतात तेव्हा."

"टिक नाही ऐकू आली."

"दाबायचं राहिलं असेल."

त्याने त्यांच्या हातातल्या काउंटरकडे पाहिलं. चारही घरांत शून्य. क्षणभर त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. मग जुनी खोड उफाळून आली.

"बाई, एक लिहिलंत तर अजून आहेत असाच अर्थ होईल. दिवा नामानिराळा राहील. शून्य लिहिलं तर त्याने काय केलं ते निदान कागदावर तरी राहील."

बाईंनी पेला खाली ठेवला. "प्रूफवाले, आयुष्यात एखादी चूक कधी नजरेआड केलीत का हो?"

"आकड्यातली नाही."

"मीही नाही केली," त्या म्हणाल्या. "पोरांचे अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी चेहरे उतरवलेत मी."

त्यांनी पिशवीतून खोडरबर काढलं, एक पुसला, फुंकर मारली आणि तिथे शून्य लिहिलं. मग कागदाच्या तळाशी घाईघाईने एक रेघ ओढली आणि सही केली. कागद आणि काउंटर त्याच्या स्वाधीन केले, कारण केंद्रात जमा करायचं काम त्याचं होतं.

"चला. तब्येतीला जपा," एवढंच बोलून, खुर्ची काखोटीला मारून त्या निघाल्या.

तो बसून राहिला. आपलं बरोबर होतं, यात त्याला शंका नव्हती. चहा निवला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्याने बाईंचा कागद वाचायला घेतला, सवयीने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

तळाशी, शेऱ्याच्या रकान्यात बाई दर महिन्याला हवामान लिहायच्या. ढगाळ. वारा जास्त. थंडी. आज तिथे एक अख्खी ओळ होती आणि तिच्यावर काट मारलेली होती. त्या मेल्या दिव्याच्या उजेडात ती स्वच्छ वाचता येत होती.

'वटवाघळे नसली तरी पुढच्या महिन्यात दोघांनी येऊन बसावे.'

त्याने ती पुन्हा वाचली. मग त्याच्या पेन्सिलीने आपणहून त्या खोडलेल्या ओळीखाली बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली. छापखान्यात या टिंबांचा अर्थ शिकाऊ माणसालाही कळायचा, की चुकून खोडलं, आहे तसंच राहू द्या. शेवटचं टिंब देताना त्याच्या लक्षात आलं की केंद्रात ही खूण ओळखणारं कोणी नाही. आणि ज्यांना ती कळायला हवी, त्या बाई तर तिकडे चालल्या आहेत.

तो उठला तशी खुर्ची कलंडली. बाई दिव्याखालून जाऊन वळणाशी पोचल्या होत्या.

"बाई!" त्या जागेवर तो पहिल्यांदाच ओरडत होता. "तुमच्या शेऱ्यात चूक आहे!"

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. "ती ओळ खोडलीय मी!"

"खोडलीत, तीच चूक!"