उजव्या कानातली गिटार

"दोन्ही गिटारी एकमेकींवर बसत नाहीयेत," दर्शना म्हणाली आणि तिने गाणं थांबवलं.

वाकोल्यातल्या तिच्या छोट्या स्टुडिओत पन्नाशी ओलांडलेली चार माणसं एका सोफ्यावर दाटीवाटीने बसली होती. एके काळी हे चौघं म्हणजे 'हाडवैर' नावाचा बँड होता. उपनगरातल्या कॉलेजांच्या फेस्टिव्हलांत थ्रॅश मेटल, म्हणजे सुसाट वेगाचं दणदणीत रॉक, वाजवून त्यांनी पोरांच्या माना मोडल्या आणि प्राचार्यांची झोप उडवली. अल्बम मात्र कधी झाला नाही. आता ड्रमवाल्या प्रबुद्धच्या मुलीचा, म्हणजे दर्शनाचा, स्वतःचा स्टुडिओ होता. मग प्रबुद्धने फोन करकरून सगळ्यांना गोळा केलं. गाणारा अनंत बोरिवलीहून आला, सहदेव कांदिवलीहून. नितेश मुलुंडहून आला, आपल्या नव्या गाडीने.

सहदेवला आधी ती गाडी दिसली होती, मग नितेश. दोघंही गिटारवाले. दोघंही तीच चाल त्याच वेगात वाजवायचे, पण पब्लिक ओरडायचं ते नितेशच्या नावाने. पुढे नितेशला सिनेमाच्या रेकॉर्डिंगची कामं मिळाली, तो निघून गेला आणि बँड बसला. सहदेव विम्याच्या ऑफिसात चिकटला. गिटार मात्र त्याने सोडली नाही. रोज सकाळी डबा भरून होईपर्यंत तो हेडफोन लावून वाजवत बसायचा. कुणासाठी चाललंय हे, असं विचारून त्याची बायको नलिनी थकली होती. उत्तर सहदेवला पक्कं माहीत होतं. आपण नितेशपेक्षा चांगलं वाजवतो हे एकदा या लोकांनी आपल्या कानांनी ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. हा सरळ सरळ हेवा होता आणि त्याला दुसरं नाव द्यायच्या भानगडीत तोही कधी पडला नाही.

आवाज जुळावा म्हणून दर्शनाने दोघांना एकाच अँप्लिफायरवर वाजवायला लावलं होतं. पब्लिकमधून काढलेले जुने फोटो समोर ठेवून, त्यात दोघं जसे उभे दिसतात तसेच तिने त्यांना दोन कानांत ठेवलं होतं. एकाची गिटार डाव्या स्पीकरमधून, दुसऱ्याची उजव्या. सहदेवला ते ऐकून बरं वाटलं होतं. पब्लिककडे तोंड करून उभं राहिलं की स्टेजवरची डावी बाजू कायम त्याची. मधे अनंत, आणि पलीकडे उजव्या हाताला नितेश.

अडचण साधीच होती. असल्या वेगात दोन गिटारी जराही मागेपुढे झाल्या तर सगळा चिखल होतो. दर्शनाचं म्हणणं, एकाचाच हात ठेवायचा. दोन्ही बाजू त्यानेच वाजवायच्या, अख्ख्या अल्बमभर. कुणाचा हात ठेवायचा ते तिने सांगितलं नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा, म्हणाली, आणि गाणं परत लावलं.

सहदेव डोळे मिटून ऐकू लागला. डावीकडची गिटार धारदार होती, फटका न् फटका ड्रमवर नेमका पडत होता. उजवी मागे रेंगाळत होती. शेवटच्या वेगवान भागात तर तिला धाप लागल्याचं स्पष्ट कळत होतं. सहदेवला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

गाणं संपलं. प्रबुद्ध खाली जमिनीकडे बघत होता.

"उजवी काढून टाक," सहदेव म्हणाला. नाव घेऊन बोलण्याइतका दुष्टपणा त्याला करायचा नव्हता. नाव न घेताही सगळ्यांना कळणार होतंच.

"सहद्या, थांब ना," नितेश चटकन म्हणाला. "दोन्ही राहू दे. एवढं बारीक कोण ऐकतंय?"

"मी ऐकतोय. उजवीचा हात गेलाय, नितेश. वय झालं की जातो. त्यात लाज कसली?"

नितेशचा चेहरा उतरला. इतकी वर्षं सहदेवने वाट पाहिली ती याच चेहऱ्याची. नितेश अजिजीने सांगत राहिला, महिनाभर तालीम करू, पुन्हा रेकॉर्ड करू, पण चौघांचा अल्बम चौघांचाच असू दे. सहदेवने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जराशी दया आली, नाही असं नाही. पण आज माघार घेतली तर पुन्हा हा दिवस येणार नाही, हेही त्याला कळत होतं.

"अल्बम महत्त्वाचा, माणूस नाही," तो म्हणाला. "दर्शना, नुसतं बंद नको करूस. पुसूनच टाक. उद्या कुणाला दया यायला नको."

प्रबुद्धने चष्मा काढून डोळे पुसले. अनंतने सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही. हे कडू काम कुणीतरी करायलाच हवं होतं, ते आपण केलं म्हणून हे आभार मानतायत, असं सहदेवला वाटलं. नितेश तर उठून त्याच्या समोर आला.

"मला हे जमलं नसतं, यार," एवढंच म्हणाला.

हरलेल्या माणसाच्या मानाने बरा बोलला, असं सहदेवच्या मनात आलं. त्याने मोठ्या मनाने नितेशचा हात हातात घेतला.

दर्शनाने उजवा ट्रॅक पुसला आणि गाणं पुन्हा लावलं. आता डावी गिटार एकटीच वाजू लागली. सहदेव मान डोलवत ऐकत होता. आपण इतकं चांगलं वाजवतो हे त्याचं त्यालाही आजच कळत होतं.

दर्शनाने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"स्वतःचाच ट्रॅक पुसायला सांगणारा गिटारिस्ट मी आजवर बघितला नव्हता, सहदेवकाका."