आणि असंच पुढे

"चौथं प्रकरण काढून टाक," टिळेकर सर म्हणाले. "बाकीची तीन पुरेत. आत्ता सही करतो."

प्रबंध सादर करायचा फॉर्म सहीसाठी त्यांच्यापुढे होता, पेनाचं टोपणही काढून ठेवलेलं. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी उत्कर्षा घुले खुर्चीत ताठ झाली. पहिली तीन प्रकरणं म्हणजे इतरांनी आधीच करून ठेवलेल्या गोष्टींची उजळणी. पाच वर्षांचं काम होतं ते चौथ्यात, आणि सर ते भातातला खडा काढावा तसं काढायला सांगत होते.

"सर, प्रतिउदाहरण त्याच प्रकरणात आहे."

"माहीत आहे. वाचता येतं मला."

वाचता येत होतं म्हणूनच तर काढायचं होतं! टोपॉलॉजी या गणिताच्या शाखेतल्या सरांच्या प्रमेयाला विभागात सगळे 'टिळेकर प्रमेय' म्हणत. ते एवढंच सांगायचं, की अमुक एका जातीचे दोन अवकाश, म्हणजे बिंदूंच्या दोन रचना, घेऊन त्यांचा गुणाकार केला, तर येणारा अवकाश नेहमी त्याच जातीचा असतो. नेहमी. उत्कर्षाने असे दोन अवकाश बांधून दाखवले होते, की त्यांचा गुणाकार त्या जातीत बसतच नव्हता. सात वेळा तपासलं होतं तिने. सातही वेळा तो बसला नव्हता.

शेजारच्या खुर्चीत दीपाली मॅडम चष्मा पुसत होत्या. त्या आता विभागात शिकवत, पण एकेकाळी सरांच्याच विद्यार्थिनी. उत्कर्षाचा मसुदा त्यांनीच तपासून दिला होता. जिथे मुद्दा ढिला वाटला, तिथे समासात पेन्सिलीने 'का?' लिहायची त्यांची सवय. सगळा मजकूर इंग्रजीत, शंका तेवढी मराठीत. त्यांच्या 'का'चा काना लोंबत पार खालच्या ओळीपर्यंत यायचा.

"अगं, नियम म्हटला की एखादा अपवाद असायचाच," सर म्हणाले.

"व्याकरणात असतो, सर. गणितात एक सापडला की प्रमेय गेलं."

"गेलं? कुठे गेलं? चोवीस वर्षं इथेच आहे. पाच जण त्याच्यावर डॉक्टर झाले. या दीपाली मॅडम त्यातल्याच. त्यांची पदवी परत घ्या म्हणून विद्यापीठाला कळवायचं का? आपण कळवता, की मी कळवू?"

सर चिडले की विद्यार्थ्यांना 'आपण' म्हणत. तो 'आपण' ऐकून उत्कर्षाचा अगदी तिळपापड झाला. सकाळी मांजरी गावातून निघताना वडिलांनी बजावलं होतं, "सरांस्नी उलटं बोलू नगं. सही घे आन् ये." तिने ठरवलंही होतं तसं. पण आता ते जमणार नव्हतं. तिने बॅगेतून काळ्या बांधणीचं, लायब्ररीचं जाडजूड बाड काढलं आणि टेबलावर आपटलं. तो सरांचा स्वतःचा प्रबंध होता, प्रमेयाची सिद्धता त्यातलीच. तिने एकतिसावं पान उघडलं.

"चूक इथे आहे, सर. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, आणि मग तुम्ही लिहिलंय, 'आणि असंच पुढे'."

वर्गातही सर हे हवेत हात फिरवून म्हणायचे, आणि मुलं वहीत तीन टिंबं काढून मोकळी व्हायची.

"पण तुम्हाला लागतात त्या पायऱ्या मोजण्यापलीकडच्या आहेत. एक, दोन, तीन अशा सगळ्या होऊन गेल्यावर जी पायरी येते, तिच्या लगेच आधीची अशी पायरीच नसते. मग 'असंच' म्हणजे कसं? कशावर पाय ठेवून चढायचं?"

सरांनी ती ओळ बोटाने शोधून वाचली.

"चोवीस वर्षांत कुणाला दिसलं नाही. आपल्यालाच दिसलं."

"नाही सर. माझ्याआधी दिसलंय." तिने समासावर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'का?' काना खालच्या ओळीपर्यंत.

हे काही ती बोलणार नव्हती. पण आता तोंडून गेलंच. ती मॅडमकडे वळली. "हे कधी लिहिलंत?"

"पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी," मॅडम चष्म्याकडेच बघत म्हणाल्या.

"म्हणजे तेरा वर्षं झाली. आणि विचारलं नाहीत?"

"विचारलं होतं. सर म्हणाले, तुला उत्तर हवंय की सही?"

उत्कर्षाला सरांपेक्षा मॅडमचाच जास्त राग आला. सर झाकत होते ती निदान त्यांची स्वतःची चूक होती. या बाईंनी तिच्या मसुद्यात पानोपानी 'का?' विचारलं होतं, तिला रात्र रात्र रडवलं होतं. आणि जिथे विचारायचं, तिथे तेरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी!

सरांनी खण उघडला. त्यातून एक खोडरबर काढून मॅडमपुढे सरकवला.

"लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये, एवढं तुम्हाला शिकवायचं माझ्याकडून राहिलंच. खोडा."

मॅडमनी चष्मा घातला आणि खोडरबर उचलला. हात धरावा त्यांचा, असं उत्कर्षाला वाटलं, पण तेवढ्यात मॅडमनी बाड स्वतःकडे ओढलं. जरा थांबून खोडरबर बाजूला ठेवला. फॉर्मवरचं सरांचं पेन घेतलं आणि पेन्सिलीच्या त्या 'का?'वरून सावकाश, दाबून गिरवलं. काना ओढत खालच्या ओळीपर्यंत आणला.

मग पेन परत फॉर्मवर ठेवलं आणि खोडरबर सरांपुढे सरकवला.

"आता खोडा, सर."