बाटलीभर पाणी

पडेगावच्या आमच्या वस्तीत महिनाभरापासून नळाला चहासारखं पाणी येतंय. त्यानंच माझ्या लेकीला कावीळ झाली. गेल्या आठवड्यात विरोधी पक्षाच्या खासदारांचा माणूस घरी आला, सासूबाईंकडून नळाच्या पाण्याची एक बाटली भरून घेतली आणि म्हणाला, "साहेब हे संसदेत दाखवणारेत."

आज अख्खी गल्ली आमच्या टीव्हीसमोर बसली होती. "मंत्रिमहोदय, आमच्या लोकांचं हे पाणी पिऊन दाखवता का?" असं गरजून साहेबांनी पिशवीतली बाटली उंच धरली. पाणी काचेसारखं नितळ! "आनंदानं पितो, द्या इकडे," मंत्री म्हणाले. सगळं सभागृह हसलं आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

लेक माझ्या मांडीवर तापानं कण्हत होती.

"आत्या, तुम्ही नळाचंच पाणी दिलं होतं ना?" मी सासूबाईंना विचारलं.

"नळाचंच व्हतं की. तुरटी फिरवली, फडक्यानं दोनदा गाळलं, मग भरलं."

"अहो, पण गाळलं कशाला?"



"अगं, आपल्या घरचं पाणी संसदेत जाणार व्हतं, विशाखा. तसलं घाण कसं देऊ?"