राजदूतबाईंचा शनिवार

राजदूतबाईंनी गाडी उत्तरेच्या रस्त्याला लावली आणि शहर मागे पडताच मोठा वळसा घेऊन ती दक्षिणेकडे वळवली. मागून अंतर ठेवून येणाऱ्या हिनेक कुबेल्काला बरंच वाटलं. ज्याच्या मनात पाप नाही तो असा वळसा कशाला घेईल?

हिनेक ल्युब्ल्यानातल्या चेक वकिलातीत दोन नंबरचा अधिकारी. सगळी हयात परराष्ट्र खात्यात गेलेली. या खेपेला राजदूताची खुर्ची आपलीच, असं तो धरून चालला होता. बायकोनं बंगल्याच्या पडद्यांचं कापडही पाहून ठेवलं होतं. तेवढ्यात वरून आल्या ब्लाझेना रेझकोवा, माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी. प्रागला राष्ट्राध्यक्षांच्या किल्ल्यात नवऱ्याशेजारी उभं राहून हसण्यापलीकडे यांना काय येतं, असं तो चारचौघांत म्हणायचा. ‘राणीसाहेब’ हे नावही त्यानंच पाडलं.

पंचाईत अशी, की बाईंना काम येत होतं. नवरा राजकारणात पडण्याआधीपासून त्या व्यापार खात्यात करार तपासायच्या आणि स्लोव्हेनियन तर फडाफडा बोलायच्या. त्यामुळे हिनेकचा संशय आणखीच बळावला. इतकी हुशार बाई उगाच इथे येईल का? नवरा आता रेल्वेचे डबे बनवणाऱ्या एका प्रतिस्पर्धी परदेशी कंपनीचा सल्लागार होता आणि राहायचा बाईंबरोबर, सरकारी बंगल्यात. सोमवारी इथल्या मंत्र्यांशी चेक डब्यांच्या विक्रीची बोलणी व्हायची होती, ती बाईच करणार होत्या. आपण भावात किती खाली उतरायला तयार आहोत, हे जेवताना नवऱ्याच्या कानावर गेलं की सौदा बुडालाच. प्रागहून हिनेकला गुपचूप विचारणा झाली होती, बाईंवर भरवसा ठेवायचा का? तो नाही म्हणाला, तर बाईंना परत बोलावणार होते, आणि खुर्ची रिकामी होणार होती.

दर शनिवारी सकाळी बाई ड्रायव्हरला सुट्टी देत, फोन टेबलावर ठेवून जात आणि दुपारी परत येत. विचारलं तर ताकास तूर लागू देत नसत. पाणी मुरतंय हे हिनेकनं केव्हाच ओळखलं होतं. आज पुरावा हवा होता.

कोचेव्येच्या जंगलापाशी एका लाकडाच्या वखारीमागे बाईंनी गाडी दडवली. मग रस्त्यानं उलट्या दिशेला बरंच अंतर चालत गेल्या आणि एकदम झाडीत शिरल्या. हिनेक मागोमाग निघाला. समोरून एक म्हातारा आला. त्याच्या हातात काहीतरी होतं, वरून फडकं झाकलेलं. दोघं थांबले, हळू आवाजात बोलले. म्हाताऱ्यानं टेकडीकडे बोट दाखवलं, बाईंनी ओढ्याकडे. आणि मग दोघंही भलत्याच वाटेनं चालू लागले. हिनेकनं झाडाआडून फोटो काढले. प्रागला काय लिहायचं त्याची वाक्यंसुद्धा मनात जुळू लागली. या जंगलात अस्वलं आहेत, हे त्याला त्यानंतर आठवलं.

थोडं पुढे बीचच्या झाडांखाली बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात छोटी सुरी, शेजारी टोपली. टोपलीत गलेलठ्ठ दांड्यांची तपकिरी अळंबी, वर नेच्याची पानं पसरलेली. एवढंच.

हिनेकच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगायची नसते, हे चेक घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चुकीचा रस्ता, लांब ठेवलेली गाडी, समोरच्याला मारलेली थाप. त्याची स्वतःची आई शेजारणीला चुकवायला मागच्या दारानं निघायची. गालिचे तुडवण्यात हयात गेली आणि हा गडी ते साफ विसरला होता.

बाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुणाकुणाला सांगितलंत?”

“प्रागला अजून काही कळवलं नाही, मॅडम.”

“प्राग गेलं खड्ड्यात. ही जागा कुणाला सांगितलीत?”

आपल्यावर पाळत आहे हे बाईंना ठाऊकच होतं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. किल्ल्यात असताना अंगरक्षक न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचे. पण तेव्हाच त्यांच्या गावच्या रानात एका फोटोग्राफरनं त्यांना टोपलीसकट गाठलं. फोटो छापून आला आणि पुढच्या रविवारी निम्मा देश टोपल्या घेऊन तिथे उतरला. तिथे पुन्हा त्यांना एक अळंबं मिळालं नाही. नवऱ्याच्या नावाशिवाय आपलं असं एवढंच होतं, म्हणाल्या, तेही गेलं.

हिनेकला फार शरम वाटली. त्यानं त्यांच्यादेखत फोटो पुसले आणि सगळं सांगून टाकलं, प्रागची विचारणा, डबे, खुर्ची, पडद्यांचं कापडसुद्धा. बाई अळंबीची माती खरवडत ऐकत राहिल्या. पण संशयाची सवय एका सकाळीत सुटत नाही. जाता जाता त्यानं विचारलंच.

“मॅडम, खरं सांगा. साहेबांपासून तुम्ही कधी काही लपवलंय?”

बाईंनी सुरी मिटली.

“लग्न झाल्यापासून दर मोसमात त्याला अळंबी परतून वाढतेय. ताट पुसून खातो आणि दर वेळी विचारतो, कुठे मिळाली गं?” त्या टोपली उचलून उभ्या राहिल्या. “मी सांगते, जंगलात.”